नातीचं पोट मोकळं झालं

बोगोता, मंगळवार

आदरणीय सासूबाई एतेल्विना यांना जावई येसिदचा वाकून नमस्कार. सोगामोसोत थंडी फार आहे का? कोंबड्या अंडी घालताहेत ना? इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि तुमची नात तर आज इतकी खुशाल आहे की तिच्या खुशालीने माझा शर्ट, पँट आणि उजवा मोजा बाद झाला. घाबरू नका, सांगतो.

पोरगी अडीच महिने आधी आली (घाई माझ्याकडून घेतली म्हणा, मी आधीच कबूल करतो). वजनाने कोंबडीएवढी, तीही आजारी कोंबडी. काचेच्या पेटीत ठेवली. दोन-तीन दिवसांनी बघतो तर पोट छान गोल! मी वॉर्डभर सांगत सुटलो, ‘‘बाळसं धरलं बघा, बापावर गेलीय!’’ बँडमध्ये टुबाचा भलामोठा पितळी भोंगा वाजवणाऱ्या माणसाला (हो, अजून तेच करतो) फुगलेल्या गोष्टींचं कौतुक असायचंच. सिस्टर आरासेलीने पोरीच्या तोंडातून आलेलं हिरवं पाणी पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःचं पोट आत ओढलं. ‘‘अहो, हिने जन्मल्यापासून शी केलेली नाही. बाळसं कसलं, तुंबलीय पोर!’’

लगेच दूध बंद, नाकातून नळी, सलाईन, एक्स-रे. सर्जन डॉक्टर पिन्सोन (बाई आहेत, उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण आवाज ट्रम्पेटचा) यांनी फोटो उजेडात धरला. आतड्याची वेटोळी टम्म फुगलेली. म्हणाल्या, ‘‘आतडं फाटलेलं नाही, हे नशीब. कच्च्या दिवसांचं बाळ, आतड्यात जोर नाही. पहिली काळी शी डिंकासारखी चिकटून बसलीय. खालून औषध सोडू. त्याने फोटोत अडथळा दिसेल आणि बहुतेक सुटेलही. नाही सुटला तर उद्या पोट उघडायचं.’’ एतेल्विनाबाई, मी खूप घाबरलो. तुमच्याकडे लुसेरोला मागणी घालायला आलो होतो तेव्हासुद्धा इतका घाबरलो नव्हतो.

(मध्ये मी एक शहाणपणा केला. पोरीच्या पोटाला बांधायला बेंबीचा पट्टा आणि पाजायला बडीशेपेचं पाणी खिशातून आत नेलं. पट्टा जप्त झाला. पाण्याबद्दल डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘हे तुम्हीच प्या.’’ प्यायलो.)

औषध सोडलं. संध्याकाळपर्यंत काही नाही. आज सकाळी ऑपरेशनची तयारी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, तोवर बापाच्या छातीवर असू दे. इथे अशी पोरं आईबापाच्या उघड्या छातीशी बांधतात, कांगारूसारखी. लुसेरोचे टाके दुखत होते, म्हणून छाती माझी. पोर हलत नव्हती. मला प्रार्थना धड येत नाहीत, म्हणून टुबाचा सगळ्यात खालचा सूर घशातच धरून ठेवला. आणि सासूबाई, पिपाणीसारखा एक बारीक आवाज आला! ‘‘वारा सरला!’’ सिस्टर ओरडली. पाठोपाठ जे काही आलं ते लंगोटाला आवरलं नाही. डॉक्टरबाई धावत आल्या, माझ्या पँटकडे पाहिलं आणि दारातूनच गरजल्या, ‘‘ऑपरेशन रद्द!’’ सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मैफलीत मला कधी एवढ्या टाळ्या मिळालेल्या नाहीत. मी ढसाढसा रडलो. (मी म्हणतो सुराने झालं, त्या म्हणतात औषधाने. आम्ही अर्धं-अर्धं श्रेय घेतलंय.) आता पोट मऊ आहे, आणि थेंब-थेंब दूध पचतंय.

कळावे. कोंबड्यांना आशीर्वाद, आपल्याला नमस्कार.

आपला, फुंक्या जावई (आपणच ठेवलेलं नाव)

ता. क. पोरीला घरी सोडतील तेव्हाही तिला रात्रंदिवस कुणाच्या तरी छातीशी ठेवायचंय. आमच्या दोघांच्या छात्या पुरणार नाहीत. तुमची हवी. आमचा जिना कधी चढणार नाही असं तुम्ही लग्नाच्या दिवशी बोललात, ते माहीत आहे. मी उचलून वर नेतो, म्हणजे चढल्याचं पाप लागणार नाही.

ता. क. २. लुसेरोला हे पत्र माहीत नाही. ती म्हणते, आई येणार नाही, तू तोंडघशी पडशील.

ता. क. ३. औषध सोडायच्या आधी, काही बरंवाईट झालं तर म्हणून, सिस्टरने बाप्तिस्म्याच्या पाण्याची वाटी माझ्या हातात दिली आणि नाव विचारलं. लुसेरो भिंतीकडे तोंड करून पडली होती. न वळताच ती म्हणाली, ‘‘एतेल्विना.’’