चिठ्ठीतला पाचवा शब्द

१५ नोव्हेंबर १९९७, शनिवार
पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या राइटरने काल मला दोनदा तारखा विचारल्या आणि दोन्ही वेळा मी वेगळ्या सांगितल्या. बाहेर पडल्यावर माझे थोरले भाऊ अण्णा म्हणाले, "शांते, तीस वर्षं विमान कारखान्यात रशियन कागद तपासलेस आणि इथे अशी गोंधळतेस? आजपासून तारखेवार लिहून ठेव." म्हणून ही वही. हौस म्हणून नाही.

आधी मागचं, थोडक्यात.
अलेस्या. वय चोवीस. मिन्स्कची. एप्रिलपासून माझी भाडेकरू, मागची खोली. गाणी स्वतः रचते, स्वतः म्हणते. अर्धं गाते, अर्धं ठेक्यात भरभर बोलते. त्याला रॅप म्हणतात. तिकडे तिघांचा गट होता, एक कॅसेट निघाली, एक उन्हाळा रेडिओवर वाजली, मग रेडिओने ती गाणी बंद केली. रॉनी नावाच्या मॅनेजरने सहा महिन्यांच्या करारावर हॉटेलात गायला इथे आणलं. उतरताच पासपोर्ट 'जपून ठेवायला' काढून घेतला. करार ऑक्टोबरात संपला. पासपोर्ट त्याच्याकडेच.

गुरु. ६: स्टुडिओवाला सतीश तिची स्वतःची कॅसेट काढायला तयार झाला. सहीसाठी पासपोर्ट हवा. तो आणायला सकाळी गेली. मी बँकेत होते. टेबलावर चिठ्ठी.
गुरु. १३: आली नाही.
शुक्र. १४: तक्रार दिली. चिठ्ठीचं भाषांतर मीच केलं, खाली सही केली: 'आठवड्यात परतले नाही तर पोलिसांत जा. रॉनीचं फार्महाऊस, होसकोटेच्या पुढे.'
तिने लिहिलं तेवढे दिवस थांबले. एक दिवस कमी नाही, एक जास्त नाही.

१६ नोव्हें., रवि.
गौरम्मा भांडी घासायला आली ती, मुलगी आली का, असं विचारतच. "अय्यो अक्का, आलस्या बंदळा?" पहिल्या दिवसापासून ती तिला आलस्या म्हणते. कन्नडमध्येही अर्थ तोच. मुलगी सहाला उठून गच्चीवर तालीम करायची आणि नाव आळस! अर्थ कळल्यावर अलेस्या इतकी हसली की उचकी लागली. दुसऱ्या दिवशी त्याचं कडवं तयार.

तिची खोली झाडली. काही हलवलं नाही. गाण्यांची वही उशाखाली. दोन पोशाख खुंटीला, हॉटेलचे, चमचमणारे. ते तिला आवडत नसत. पोस्टरवर 'रशियन ब्यूटी, डान्स' असं छापायचे. ती म्हणायची, तीन शब्द, तिन्ही खोटे.
मीही पहिल्या दिवशी म्हणाले होते, "तुम्ही रशियन लोक चहात दूध घालत नाही ना?"
"मी रशियन नाही, अक्का."
"बरं, तेच ते."
तिने वाद घातला नाही. दूध घालून घेतलं.

१७ नोव्हें., सोम.
चारला ठाण्यात. इन्स्पेक्टर सकाळी होसकोटेला जाऊन आले होते. फार्महाऊस बंद. वॉचमन भेटला.
"मॅडम, मुलगी होती तिथे. गुरुवारपासून. मागच्या सोमवारी सकाळी व्हॅन आली, घेऊन गेले."
"म्हणजे दहा तारखेला?"
"हो. रविवारी दिवसभर व्हरांड्यात बसून होती म्हणे, मांडीवर बॅग घेऊन. फाटकाकडे बघत. जेवायला बोलावलं तरी उठली नाही."
फाटकाकडे का, ते त्यांना कळलं नाही. मलाही नाही.
रॉनीचा जबाब: पासपोर्ट दिला, ती आपल्या मर्जीने मायदेशी गेली. शिवाय, घरमालकीण शिकलेली बाई, तिनेच आठवडाभर तक्रार केली नाही, म्हणजे काळजीचं काही नव्हतं.
इन्स्पे. म्हणाले, गाण्यांच्या वहीचं भाषांतर करून द्या, नावं-पत्ते असतील. मी हो म्हणाले.

१८ नोव्हें., मंगळ.
सतीश आला. तिशीचा, शर्ट इस्त्रीचा, पण चप्पल तुटकी. चहा घेतला नाही. कॅसेट पुढे ठेवली. "अक्का, हे नमुन्याचं रेकॉर्डिंग. तिने तुम्हाला ऐकवू नको म्हणून बजावलं होतं. रागावाल म्हणाली."
लावली. आधी ठेका, मग तिचा आवाज, मग मधेच माझा. 'दार लाव! पंखा बंद कर! ओल्या केसांनी बाहेर जाऊ नको!' तीनदा, चारदा, ठेक्यावर. कधी टेप केलं कोण जाणे. त्यावर ती तिच्या भाषेत भरभर उत्तर देते, आणि शेवटी आमच्या कन्नड-मराठी मिसळीत, "सरी अक्का, स्वल्प थांब." बरं अक्का, जरा थांब.
सतीश खाली बघत होता. "हे गाणं चाललं असतं. इथल्या कुणालाच असं सुचलेलं नाही. हॉटेलात तिला लोकांचीच गाणी म्हणायला लावतात."
"असतं म्हणू नका," मी म्हणाले.
तो सॉरी म्हणाला. कॅसेट ठेवून गेला.
आपला आवाज इतका करडा आहे हे मला माहीत नव्हतं.

१९ नोव्हें., बुध.
सकाळी आठपासून वहीचं भाषांतर. कारखान्यातली पद्धत: डावीकडे मूळ, उजवीकडे मराठी, ओळींना क्रमांक. वही तिच्या भाषेत, बेलारूशियनमध्ये. मी ती शिकलेले नाही. पण अक्षरं तीच, शब्द बरेचसे तेच, तेव्हा रशियन येणाऱ्याला अडत नाही, असं मी तिला मे महिन्यात ठणकावून सांगितलं होतं. चिठ्ठ्याही तुझ्याच भाषेत लिहीत जा, मला येतं वाचता. ती खूश झाली. इथे तिची भाषा वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. 'दूध संपलं', 'उशीर होईल', 'गौरम्माने बादली फोडली', सगळं अचूक कळायचं. मला अभिमान होता.

पान ३१. हॉटेलातल्या दिवसांचं गाणं. उजवीकडे उतरवत गेले:
१. सोमवार. आरशाला विचारते, माझं नाव काय.
२. मंगळवार. टाळ्या पडतात त्या दिव्यांना.
३. बुधवार. आईला लिहिते, छान आहे.
४. गुरुवार. लिहिलेलं फाडते.
५. शुक्रवार. पुन्हा लिहिते, छान आहे.
६. शनिवार. उंच टाचा, त्यांच्या आत माझे पाय.
७. आठवडा. आठवड्याला मला कोणी हाक मारत नाही, दार उघडं असतं, मी माझीच असते.

भाषांतर झालं की ओळी मोजायच्या, ही सवय. सात ओळी. मोजले तर दिवस सहाच. सहा दिवस आणि एक आठवडा.
सातव्या ओळीतला शब्द न्याद्झेल्या. रशियनमध्ये नेदेल्या म्हणजे आठवडा. मी विचारही न करता आठवडा लिहून गेले होते.
रविवार कुठे आहे?

कपाटातून चिठ्ठीची झेरॉक्स काढली. पहिल्या स्वल्पविरामापर्यंत पाच शब्द. पाचवा तोच.

जेवले नाही.

२० नोव्हें., गुरु.
कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवरून मिन्स्क. तिच्या आईशी याआधी एकदाच बोलले होते, १४ ला. त्या वेळी घाईत चिठ्ठी वाचून दाखवली नव्हती, फक्त तिने लिहिल्याप्रमाणे वाट पाहिली एवढं सांगितलं होतं. आज चौथ्या प्रयत्नाला फोन लागला.
"गालीना?"
"हालिना," ती म्हणाली. आजही चुकले.
मुलगी घरी पोचलेली नाही. पत्र नाही, फोन नाही. मी तिला ते पूर्ण वाक्य जसं आहे तसं वाचून दाखवलं आणि रशियनमध्ये विचारलं, पाचवा शब्द म्हणजे काय?
"वस्क्रिसेन्ये," ती लगेच म्हणाली. रविवार. लहान मुलाला सांगावं तसं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही रविवारी गेलात पोलिसांकडे?"
मी म्हणाले, "नाही. शुक्रवारी."
"त्याच्या आधीच्या?"
"नंतरच्या."
मग तिने विचारलं, "तिकडे आता थंडी आहे का? तिने जाड काही नेलंय?"
मी म्हणाले, इथे थंडी फारशी नसते. स्वेटर खुंटीलाच आहे हे सांगितलं नाही.

रविवार ९. ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. फाटकाकडे का, ते आता कळलं.

२१ नोव्हें., शुक्र.
अण्णांना सांगितलं. ते पेपर वाचत होते, घडी घातली. जन्म कोर्टाच्या कचेरीत गेला, म्हणून आधी कागदाचं बोलले.
"भाषांतर फाइलला लागलंय. तुझी सही आहे. आता बदललंस तर रॉनीचा वकील म्हणेल, या बाईला भाषाच येत नाही, वहीचंही भाषांतर रद्द करा."
"मग?"
"मग असू दे. स्वल्प फरक आहे, शांते. चार-पाच दिवस."
"वॉचमन काय म्हणाला विसरलात? रविवारी संध्याकाळी पोलिसांची जीप गेली असती तर ती तिथेच होती."
"हे तू कशाला स्वतःच्या अंगाला लावून घेतेस? पाचशे मैलांत ती चिठ्ठी तुझ्याशिवाय कुणी वाचू शकलं असतं का?"
"तेच म्हणतेय मी."
अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "वहिनीला सांगू नको. ती रडत बसेल."
मी रडलेले नाही. मुद्दा तो नाही. माझा शब्द धरून रॉनी सांगतो आहे की काळजीचं काही नव्हतं. तो शब्द चुकीचा आहे आणि तो माझ्या सहीने चालू आहे.
दुपारी नवीन भाषांतर टाइप केलं. चूक कशी झाली तेही लिहिलं, चार ओळींत. पहिला मसुदा दीड पान झाला होता, त्यात मी किती हुशार होते तेच फार होतं. फाडला.

२२ नोव्हें., शनि.
दहाला ठाण्यात. इन्स्पे. नव्हते, राइटर होता. त्याने नवं भाषांतर वाचलं, जुनं काढून शेजारी ठेवलं.
"मॅडम, यू आर शुअर? हे तुमच्यावर येईल."
"येऊ द्या."
"वीक आणि संडे, एकाच शब्दाचे दोन अर्थ?"
"दोन शब्द आहेत. दोन भाषा आहेत. मी एकच धरली."
त्याने जुनं फाडायला घेतलं. मी थांबवलं. ते राहू दे, त्यावर 'चूक' लिहा, मी शेजारी सही करते. तशी केली.
विदेशी नोंदणी कार्यालयाचं उत्तर आलेलं नाही. विमानाने गेल्याची नोंद अजून मिळालेली नाही. न गेल्याचीही नाही. व्हॅन कुणाची, शोध चालू.

आज दिलं, पावतीवर:
१. दुरुस्त भाषांतर, सहीनिशी, एक पान.
२. गाण्यांची वही, मूळ, पानं ८८. पान ३१ ला कागदाची खूण.
३. वहीचं भाषांतर, पान ४० पर्यंत. पुढचं झेरॉक्सवरून चालू आहे. प्रत्येक शब्द आता हालिनाला विचारून.
४. कॅसेट, एक. प्रत सतीशकडे.
५. फोटो दोन. एकावर मागे तिच्या हाताने: 'नर्तकी नाही.'

दिलं नाही:
स्वेटर. विचारला नाही त्यांनी.
पुढच्या दाराची दुसरी किल्ली. ती तिच्याकडे आहे. अण्णा कुलूप बदल म्हणतात. बदललेलं नाही.