उशीवरचा गुलाल

बाई, कोल्हापूरच्या आसपास आता जिकडं तिकडं नर्सिंगची खासगी कॉलेजं निघाली आहेत. त्यांतल्याच एकाची मान्यता पुढं चालू ठेवायची का, हे तपासायला परवा मला पाठवलं होतं. तुमच्या हाताखाली रडत शिकलेली पोरगी आता समितीत बसते, यावर आधी पोटभर हसून घ्या. मग पुढचं सांगते, कारण परवापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा टाकते आणि तो उतू गेल्यावरच माझ्या लक्षात येतं.

कॉलेज कळंब्याच्या पुढं, उसाच्या रानाला लागून. इमारत चकचकीत, सरावाच्या बाहुल्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल लागतं, तेही होतं, आणि प्रत्येक खाटेवर पेशंट. मी खूश होणार एवढ्यात दिसलं, की झाडून सगळ्यांच्या केसांत गुलाल आहे. उशांचे अभ्रे गुलाबी झालेले. एका म्हातारीला विचारलं, आजी, काय होतंय? "मला काय हुतंय? कोडोलीस्नं टेम्पोनं आणलंय आमाला. सकाळी जोतिबाचं दर्शन झालं, आता तुमी जाईस्तवर पडून ऱ्हावा म्हणत्यात." पेशंट गोळा करून आणायचे, पण वाटेतला देव चुकवायचा नाही! मला हसू आवरेना आणि संतापही. संस्थाचालक मागं उभे राहून "मॅडम, तांबडा-पांढरा रस्सा तयार हाय, जेवल्याबिगर सोडत न्हाय" म्हणत होते.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी त्या खाटेशी उभी होती. तिला म्हटलं, आजींचं बीपी बघ. तिनं पट्टा दोनदा उलटाच गुंडाळला. म्हातारीच तिला धीर देत होती, "भिऊ नगंस गं, मी काय आजारी न्हाय." मुलीनं हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली, आता दाराशी जाऊन उभ्या राहिलेल्या त्या संस्थाचालक सरांकडं बघितलं आणि म्हणाली, "नॉर्मल आहे, मॅडम."

मी माझा स्टेथोस्कोप लावला. आवाज एकशे ऐंशीच्याही वर सुरू झाला. खात्रीसाठी दुसऱ्या हाताचं बघितलं, तेही तसंच. मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुला ऐकू आलं नाही का? ती खाली बघत म्हणाली, "आलं हुतं, मॅडम. पर सर म्हणाले हुते, आज समदे पेशंट नॉर्मल हाईत."

बाई, तेव्हा मी मनानं थेट तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रविवार आहे, तुमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आम्ही होस्टेलच्या पोरी उन्हातच आलो आहोत. तुम्ही मेथीची भजी तळताय आणि डावा हात आमच्यापुढं धरलाय. "बघा गं माझं प्रेशर. नॉर्मलच असतंय म्हणा." एकेक पोरगी लावते आणि नॉर्मल म्हणते. माझी पाळी येते. मी भीतभीत म्हणते, बाई, जास्त आहे. तुम्ही झारा खाली ठेवता. "शाबास! मी म्हणतो म्हणून बोलायचं न्हाय. कानात आलं त्येच सांगायचं." आणि गळ्यातला तुमचा स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घालता. नळ्या कितीदा बदलल्या, पण परवा खिशात होता तो तोच.

ती नुसती परीक्षा नव्हती ना? तुमचं प्रेशर खरंच वाढलेलं होतं. तुम्ही मला शाबासकी दिलीत, लोणच्याची फोड वाढून घेतलीत आणि गोळी काही सुरू केली नाहीत. पुढं झटका येऊन तुम्ही गेलात, ते त्याचमुळं. आम्हाला ऐकायला शिकवलंत आणि स्वतः ऐकलं नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही माझा, तुमच्यावर धड रडताही आलं नाही मला.

म्हातारीला मी त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात नेलं, तिच्या गोळ्या सुरू झाल्या. जाताना म्हणते कशी, "देवाला गेलते म्हणून घावलं बघ." तिचं निभावलं. अडकलंय ते माझं. अहवाल उद्या द्यायचा आहे. मान्यता नको म्हणून लिहिलं तर शेवटच्या वर्षाच्या पोरी मधेच लटकतात. आईबापांनी लग्नाचा विषय लांबवून शिकायला धाडलेल्या पोरी आहेत त्या. आणि होय म्हणून लिहिलं, तर त्याच पोरी उद्या खऱ्या वॉर्डात उभ्या राहून साहेबाच्या तोंडाकडं बघत नॉर्मल म्हणतील. समितीतले डॉक्टर सकाळपासून फोन करताहेत, "होय म्हणून लिवून टाका की मॅडम, कुणाचं काय अडलंय?"

शेवटी मघाशी लिहिलं. नवीन प्रवेश बंद, आणि आत्ताच्या मुलींना सरकारी वॉर्डात घ्या, मी शिकवते. घेतील की नाही, माहीत नाही. नाही घेतलं तर त्या मुलीच्या घरी माझ्याच नावानं बोटं मोडतील.

हे पत्र काही कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. अहवालावर सही करताना मीही त्या मुलीसारखीच दाराकडं बघत होते. आणि मनापासून वाटत होतं, की दाराशी कुणीतरी उभं असावं आणि त्यानं म्हणावं, आज समदे पेशंट नॉर्मल हाईत.