आतून आलेला शब्द

डोणगाव,
वैशाख शुद्ध षष्ठी, शके १८५३

राजश्री अर्जुनराव मास्तर यांस उकंडरावाचा रामराम. इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ऊन फार आहे. तुमच्या ताईची प्रकृती उत्तम. बिघडली आहे ती माझी.

काल आमच्या मंजुळेची सुपारी फोडून सोयरीक पक्की करायची होती. नवरदेव, मोताळ्याचे किसनराव, मोठे बागाईतदार, स्वतः आले होते. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बैठकीतला वडीलधारा आतल्या दाराकडे तोंड करून तीनदा विचारतो, "फोडू का सुपारी?" आतून बाया गप्प राहिल्या की तोच होकार. आमच्या भावकीतल्या वामनरावांनी तिसऱ्यांदा विचारलं, अडकित्ता उघडला, आणि आतून आवाज आला, "नाई."

मास्तर, तुमच्या ताईचा आवाज! पुरुषांच्या बैठकीत जी कधी खोकली नाही, ती! वामनरावांच्या हातची सुपारी घरंगळत गेली, ती उचलायचं भान कुणाला नव्हतं. पाहुणे पुरणाची पानं सोडून उठले.

सगळा दोष तुमचा. दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून तुम्हीच मंजुळेला शिकवत होता, की एका शब्दाचंही पुरं वाक्य होतं, राहिलेलं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. ही दाराआड वाती वळत ऐकत होती. मी हसलो होतो, की मास्तर लोक शब्दांचीही कंजुषी करतात.

पाहुणे गेल्यावर मी आत जाऊन ओरडलो, "अवो, नाक कापलं माह्यं! काऊन नाई म्हनली?"

चुलीकडे पाहतच ती म्हणाली, "इहीर."

किसनरावांची पहिली बायको विहिरीवर पाय घसरून गेली, असं मी तुम्हाला कळवलं होतं. मोताळ्याच्या बाजारात लोक वेगळं बोलतात. ते मीही ऐकलं होतं. भर दुपारी तान्ही पोर पोटाशी बांधून कुणी पाणी भरायला जात नाही, मास्तर. तरी मी बागाईत पाहून भुललो. मंजुळा कालपासून आईचा पदर सोडत नाही.

वामनराव जाताना म्हणाले, "बाईमानसाचं बोलनं धरत नाई कोनी. बाजाराच्या दिवशी येतो, तवा तुमी सांगा."

त्या दिवशी मी सांगणार आहे. शब्द तिचाच, त्याला मागेपुढे काही जोडणार नाही. भावकीला काय म्हणायचं ते म्हणो. तुम्ही फक्त येऊन शेजारी बसा. आतापासूनच माझा आवाज कापतो आहे.

मंजुळेचा बाप,
उकंडराव