फोनवरून लावलेली धार

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण प्रयोगशाळेच्या फरशीवर काय काय सांडलंय ते माझं मला माहीत आहे.) गुडघा कसा आहे? मामींची सर्दी गेली का? मी ठणठणीत आहे, नोकरीही अजून आहे, आणि ती तुमच्यामुळे आहे, हे सांगायला हे पत्र. फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, "बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होता. पत्रात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

माझी भाची झाडांना उपाशी ठेवते, असं तुम्ही शेजारीपाजारी सांगता, ते फारसं चूक नाही. (उपाशी नव्हे, तहानलेली.) चाळीस झाडांचं बी वेगवेगळं रुजवलं, सगळ्यांना सारखी माती, सारखी कुंडी, आणि मग पाच आठवडे पाणी बंद. काहींची लेकरं तिसऱ्याच आठवड्यात माना टाकून मोकळी, आणि सतरा नंबरच्या आईझाडाची लेकरं हिरवीगार, जणू काही घडलंच नाही. म्हणजे गुण जन्माचा. तो लाकडात कुठे दडलाय हे बघायला फांदीचे कागदाहून पातळ काप काढायचे, मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या मोजायच्या. त्यावरून बी निवडायचं, आणि त्याची दहा हजार रोपं उघड्या डोंगरावर जायची.

तर काप काढायच्या यंत्राचं पातं पडलं. (म्हणजे मी पाडलं. आमच्या विभागप्रमुख मॅडमना "पडलं" एवढंच सांगितलंय.) नवीन यायला दीड महिना. मी तेच बोथट पातं रेटलं, आणि काय आश्चर्य, सतरा नंबरच्या नळ्या चांगल्या ऐसपैस निघाल्या! पुस्तकं सांगतात की रुंद नळ्या दुष्काळात आधी दगा देतात, आत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची धार तुटते. म्हणजे सगळी पुस्तकं चूक आणि तुमची भाची बरोबर. मी अख्ख्या विभागासमोर हातवारे करून हे जाहीर केलं. मॅडम उठल्या, पडद्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाल्या, "ही एक नळी नाही. तीन नळ्या फाटून एक झाल्यात." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मामा, तो खोकला नव्हता.

बी निवडायला चार दिवस उरले होते. मी नोकरीला निघाले तेव्हा सगळ्यांनी उपयोगी वस्तू दिल्या आणि तुम्ही धारेचा दगड दिलात. तो दोन वर्षं मी खिडकी आपटू नये म्हणून लावत होते. (सुताराच्या भाचीने हे लिहायला नको, पण लपवायलाही नको.) त्या रात्री तो दगड काढला आणि तुम्हाला फोन लावला. तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "फोन दगडाजवळ ठेव आणि घास. मला ऐकू दे." मी घासत होते. "घाई करतेस." मी हळू झाले. "आता टोक उचलतेय." इतक्या लांबून तुम्हाला माझं मनगट दिसत होतं! सव्वा तासाने तुम्ही म्हणालात, "हं. आता बोलतंय पातं." तोवर तुमचं ताट गार झालं होतं, हे मामींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काप असे उतरले की श्वास सोडायची चोरी. सतरा नंबरच्या नळ्या अरुंद आणि जाड भिंतींच्या, माना टाकणाऱ्यांच्या रुंद. पुस्तकं बरोबर, मी चूक, आणि चूक ठरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. त्याच मागच्या रांगेसमोर मी ते कबूल केलं. बी सतराचं निवडलं. ती रोपं डोंगरावर जगली, तर त्यांतला सव्वा तास तुमचा.

तुमची,
भाची

ता. क. १ : मॅडमनी नोटीस लावलीय : "धार कशी लावावी, तीन दिवस. शिकवणार : एक अनुभवी सुतार." येत्या सोमवारपासून. मी तुम्हाला विचारलंय, असा त्यांचा समज आहे.

ता. क. २ : नाही म्हणू नका, मामींशी बोलणं झालंय. त्या म्हणाल्या, "विचारत काय बसतेस, घेऊन जा! निवृत्त झाल्यापासून हे खुर्च्या डुगडुगतात म्हणून त्यांचे पाय कापतायत. आता आम्ही जवळजवळ जमिनीवर बसतो." तुमची बॅग भरलेली आहे, पलंगाखाली बघा.