पाच जणांचं गाऱ्हाणं

१२ जानेवारी १९७८, गुरुवार

लग्नाला दीड महिना झाला आणि आज नवऱ्याबरोबर पहिल्यांदा कुठे हिंडायला निघाले, तर सोबत अख्खं सासर! तरी खुशीत आहे. पाळी गावच्या खाणीपलीकडच्या डोंगरावर तीन दिवसांचा मुक्काम. माहेरी सावंतवाडीला आम्ही फार तर दुपारच्या वनभोजनाला जायचो. इथे राहायचंच आहे. खाणीवरून मागून आणलेली ताडपत्री चार बांबूंवर ताणली की झालं घर.

आम्ही पाच जणं. मामंजी, डिचोलीहून आलेल्या प्रभावती वन्सं, त्यांचे यजमान शिवदास, यशवंत आणि मी. (तोंडावर ‘अहो’, वहीत यशवंत. वही माझी आहे.) यशवंत खाणीवर हजेरी मांडतो. चार दिवसांची रजा त्याने कशी मिळवली, हे तो प्रत्येकाला दोनदा सांगून चुकलाय.

पायथ्याला ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे राखणदाराचा धोंडा. मामंजींनी तिथे जाड रोट ठेवला, विडी पेटवून ठेवली, घोटभर फेणी ओतली आणि गाऱ्हाणं घातलं, “बा म्हाराजा, आमी पांच जाणां तुझ्या दोंगरार वतांव. पांचांकूय परत सुखरूप घरा पावय.” सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मी हळूच म्हटलं, राखणदार म्हणजे खाणीवरचा हजेरी कारकूनच की. यशवंत हसला, मामंजी नाही. त्यांनी सांगितलं, की एकदा सांगितलेला आकडा राखणदार मोडत नाही. मुक्काम असेपर्यंत एकट्याने ओढा ओलांडायचा नाही, जायचंच झालं तर धोंड्याला सांगून जायचं. नाहीतर जो उणा पडेल त्याची जागा तो भरून काढतो. कशाने, हे विचारणार होते, पण वन्संनी डोळे वटारले.

संध्याकाळी निखाऱ्यात भाजलेले कणगांचे कंद, पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. इतकं मी माहेरीसुद्धा जेवले नसेन.

१३ जानेवारी

चहा झाला, पण उंडे नव्हते. इथल्या लोकांना सकाळी पोदेराच्या भट्टीतला ताजा उंडो, म्हणजे गोल पाव, लागतो आणि मलाही ती चटक लागली आहे. मामंजी झऱ्यावर आंघोळीला गेलेले बघून मी यशवंताला गळ घातली, साखळीहून घेऊन या. त्याने धोंड्याची आठवण करून दिली. मी म्हटलं, पाव आणायला कसली परवानगी, येताना त्यालाही एक द्या. गेला बिचारा. नवरा अजून नवा आहे, बायकोचा शब्द मोडवत नाही.

साखळीला जाऊन यायला तीन तास तरी हवेत. तो अर्ध्या तासात आला. रिकाम्या हाताने, आणि तोही डोंगरमाथ्याच्या बाजूने. उंडे संपले, एवढंच म्हणाला. वाटेतूनच परतलात ना, असं मी चिडवलं. हसला नाही. जेवताना भात चिवडत बसला, एक शीत तोंडात घातलं नाही. ऊन लागलं असेल, असं वन्संचं म्हणणं.

चारच्या सुमारास मी सरपण गोळा करत होते. खालून, ओढ्याकडून हाक आली. शालू. मला असं फक्त यशवंत म्हणतो, तेही जवळ कोणी नसताना. वळून पाहिलं तर यशवंत ताडपत्रीखाली मामंजींच्या शेजारी बसलेला.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं.

१४ जानेवारी, सकाळ

संक्रांत. त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. डंपरच्या फाळक्यात सापडून यशवंताच्या करंगळीचं नख कायमचं गेलंय. ह्या हाताला पाचही नखं आहेत.

कडेला जाऊन खाली पाहिलं. ओढ्यापलीकडे यशवंत. हातात उंड्यांची पिशवी. पाण्यात शिरतो, चालतो आणि पुन्हा पलीकडच्याच काठावर निघतो. पुन्हा शिरतो. कालपासून हेच करत असेल.

मामंजींना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्याला मीच पाठवलं, हेही. ते रडले. मग म्हणाले, “आकडो भरलो गो बाये. भायलो भितर येवपाक, भितरलो कोण तरी भायर वचपाक जाय.” आतलं कोणी बाहेर गेलं तरच यशवंत आत येणार, तर मीच जातो, म्हणाले. म्हातारा झालोय, नवा रोट भाजतो आणि जातो.

दुपार

मामंजी पीठ मळत होते तेवढ्यात मी निघाले, वही हातातच. पाठवलं मी, आणि जायचं त्यांनी? माझा नवरा आहे, मीच आणीन. दोघं मिळून परत येऊ.

ओढा ओलांडला. यशवंत समोरून आला. मला पाहिलं नाही. अगदी जवळून गेला, उंड्यांचा वास आला. पाण्यात शिरला आणि— वर चढला! वर गेला!

हायसं वाटलं. खूप.

परत निघाले. पाणी ओलांडलं, ह्याच काठावर आले.

पुन्हा. ह्याच काठावर.

घराकडे चालून पाहिलं. वाट फिरून ओढ्यावरच—

ऊन कलतंय

उतरताहेत. शिवदासांच्या खांद्यावर ताडपत्री. वन्सं. यशवंत उंडो खातोय, काहीतरी सांगून हसतोय. त्याच्यामागे बाई. निळं पातळ. माझं. मी आत्ता नेसलेय तेच—

पाणी ओलांडून माझ्या अंगावरूनच गेले. हाका मारल्या. यशवंताचा सदरा धरला, मुठीत काही—

मामंजी शेवटी. थांबले. माझ्याकडे बघतात. मला बघतात! हात जोडले मी. म्हटलं मामंजी, सांगा ना त्यांना, मी इथे—

डोळे भरून आले त्यांचे. मग धोंड्याकडे वळले. “म्हाराजा, पांचूय जाणां पावलीं.”

चालायला लागले. मागे बघत नाहीत.

यशवंत तिला हळूच शालू म्हणून—