बाराव्या मजल्यावरचे उघडे दार

सुरत,
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
प्रभूच्या नावात प्रिस्किलाचा सा. सलाम वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. हे लखनने पाटीवर लिहून तुम्हाला दाखवले असेलच, पण दोन शब्दांपलीकडे लिहायचा माझ्या या भावाला कंटाळा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानाचे मशीन शिट्टी वाजवते म्हणून तुम्ही ते कपाटात कोंडून ठेवले आहे. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलेत, आता वाचा.

आईला डॉक्टरांनी तपासले. पोटातली गाठ मोठी आहे, पण सलाइनमधून औषध देऊन बघू म्हणाले. दर आठवड्याला जावे लागेल. आई घाबरली ती डॉक्टरांना नाही, लिफ्टला. पहिल्या दिवशी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि बाराव्या मजल्यावर दार उघडल्यावर मोठ्याने आमेन म्हणाली. शेजारचे गृहस्थ गोंधळून आमच्या आधी बाहेर पडले.

लिफ्टमध्ये सूचना लावली आहे की भाडेकरूंनी गच्चीवर जाऊ नये, जिन्यात वस्तू ठेवू नयेत, पाहुण्यांची नावे गेटवर लिहावीत. आईने मला विचारले, भाडेकरू म्हणजे कोण. मी म्हटले, आपण. आपल्या गावात भाड्याने राहतात ते फक्त पाद्रीबाबा आणि बदलीवर आलेले मास्तर, त्यामुळे तिला वाटले की हा काही मानाचा हुद्दा असावा.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्याला ताप झाली आहे. आपल्याकडे आजारी माणसाच्या घराचे दार दिवसभर उघडे असते, येणारा-जाणारा आत येतो, बसतो, प्रार्थना करतो. आईने इथेही तेच सुरू केले. आमचे दार आपोआप लागते, म्हणून तिने उंबऱ्यात वरवंटा आडवा घातला आहे. मी कामावरून येते तर ही खाटेवर बसून लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला या म्हणते. कोणी येत नाही, बाबा. मान खाली घालून किल्ल्या काढतात. तिला वाईट वाटत असेल, तरी वरवंटा हलवत नाही.

लखनला आणि गावातल्या सर्वांना सलाम सांगा. प्रार्थनेत आमची आठवण असू द्या.

तुमची
प्रिस्किला


विसरवाडी, ता. नवापूर
२२ सप्टेंबर २०२४

चि. प्रिस्किला हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळाले. 'शुद्धलेखन बरे, अक्षर घाईचे' असा शेरा मारून परत पाठवणार होतो, पण लखनने पाटीवर लिहिले की टपाल वाया जाईल.

आईला सांग, भात चांगला आहे. तिच्या कोंबड्या आता लखनच्या ताब्यात, म्हणजे कोणाच्याच ताब्यात नाहीत. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. सगळी मंडळी मला तिची खबर विचारतात आणि उत्तर ऐकायचे सोडून स्वतःच बोलतात. मला काहीच ऐकू येत नसल्यामुळे आमचे छान जमते.

तुला ठाऊक आहे, मला माणसांपैकी तिच्या एकटीचाच आवाज ऐकू येतो. उजव्या कानाशी येऊन ती ओरडते तेव्हा. त्यामुळे आपल्या घरातले भाजीला मीठ कमी पडलेलेसुद्धा वस्तीभर, फळीच्या टोकापर्यंत कळायचे. मी तिच्यावर चिडायचो. आता घर गप्प आहे. बहिऱ्याला काय फरक पडतो असे लोकांना वाटेल. पडतो.

नाताळच्या आत तिला घेऊन ये. मी खाट पडवीत आणली आहे. मोरीपर्यंत फरशी करून घेतोय, पाय घसरायला नको.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
बाबा


सुरत,
२७ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
प्रभूच्या नावात सा. सलाम वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. आधी चांगले सांगते.

आईच्या दारात लोक यायला लागले. पहिली आली दगूबाई. आपल्या धानोऱ्याकडची आहे, मुलगा कापडाच्या गिरणीत. कामाला जाताना तो म्हातारीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा, कारण एकदा ती मजला चुकून भलत्याच घराची घंटी वाजवत बसली होती. आईने तिच्या दाराच्या जाळीतून तिच्याशी बोलून बोलून ओळख काढली आणि एका संध्याकाळी त्या मुलालाच बोलावून सांगितले की कुलूप नको, माझे दार उघडे आहे, ती माझ्याकडे बसेल. दुसरी अकिला. नंदुरबारची, साड्यांना फॉल लावते. तिच्या घरात अंधार पडतो म्हणून साड्यांचा ढीग घेऊन आमच्याकडेच येते. आता दुपारी आमचे घर म्हणजे विसरवाडीचा फाटा झाला आहे. आई अर्धी मराठी, अर्धी आपली मावची बोलते, आणि त्यांना सगळे कळते. दगूबाई मला म्हणाली, "बाई, तुन्ही माय ऊनी तव्हापासून या मजलावर माणसं राहतस असं वाटस."

आता दुसरे. औषध लागू पडले नाही. डॉक्टरांनी सलाइन बंद केली. यापुढे दुखू नये एवढेच बघायचे, असे ते म्हणाले. आईला मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि अकिलाला चहा ठेवायला सांगितले.

त्याच आठवड्यात घरमालक आले. दार उघडे असते, अशी सोसायटीने त्यांच्याकडे तक्रार केली होती. त्यांनी आत डोकावून आईला बघितले. मला लिफ्टपाशी बोलावले. माणूस वाईट नाही, हात जोडून बोलत होते. म्हणाले, "बेन, भाड्याच्या घरात मयत झाली की पुढे ते घर कोणी घेत नाही. तुम्ही वेळेत काहीतरी बघा." वेळेत म्हणजे काय ते मला कळले, बाबा. मी हो म्हणून आत आले. दुसरे काय म्हणणार होते? हे घर त्यांचे आहे.

आईला यातले काही सांगितलेले नाही.

तुमची
प्रिस्किला


विसरवाडी
३ नोव्हेंबर २०२४

चि. प्रिस्किला,
आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून लखन रडला. मी पडवीत जाऊन बसलो.

घरमालकावर रागावू नकोस. त्याचे त्याच्या जागी बरोबर असेल. तिचे घर इथे आहे, तिने दुसऱ्याच्या घरात मरणाची परवानगी का मागावी? लगेच घेऊन ये. फरशी झाली आहे. भिंतीला पांढरा रंग दिला. होळ्या सुतार खाटेला मागे टेकायला फळी बसवून देणार आहे, पैसे घेत नाही. बायकांनी पाळ्या ठरवल्या आहेत, रात्रंदिवस कोणी ना कोणी तिच्याजवळ असेल. तिला सांग, सगळे वाट बघत आहेत. मी सर्वांत जास्त. हे शेवटचे वाक्य नीट वाचून दाखव.

लवकर यावे अशी इच्छा धरून,
बाबा


सुरत,
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. सलाम वि. वि.

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. ते शेवटचे वाक्य दोनदा. कसे लिहू कळत नाही. आई यायला तयार नाही.

मला वाटले, तिला प्रवासाची भीती आहे. मी म्हटले, झोपून जाता येईल, गाडी करू. ती नाहीच म्हणाली. मग आपल्या बोलीत म्हणाली, "तिकडे गेले की मी मरायला आले असं होईल. इकडे मी बायकांना बसायला बोलावते." मी चिडले. म्हटले, आणि बाबा? त्यांनी तुझ्यासाठी घर रंगवले. तेव्हा ती रडली, बाबा. इतक्या दुखण्यात रडली नव्हती.

तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, तरी सांगते. तिचा आवाज गेला आहे. अगदी बारीक झाला आहे. दगूबाई आणि अकिला खाटेला खुर्च्या चिकटवून बसतात, तेव्हा ऐकू येते. ती म्हणाली, "मास्तरच्या कानात आता माझा आवाज जाणार नाही. तो समोर बसून विचारत राहील आणि मी नुसतं तोंड हलवत राहीन. दुसऱ्या कोणाचं त्याला ऐकू येत नाही, आता माझंही येणार नाही. हे मला बघवणार नाही." तुम्हाला एकटे पाडायला घरी यायचे का, असे तिचे म्हणणे आहे.

घरमालकांचे रोज फोन येतात. मी मुदत मागितली, त्यांनी महिनाअखेरपर्यंत दिली. अकिलाने तिच्या नवऱ्याला बोलायला पाठवले, तर त्याला ऐकवले की तुम्हीही भाडेकरूच आहात. मी दुसरे घर शोधले. आजारी माणूस आहे म्हटले की गेटवरूनच नाही म्हणतात. हॉस्पिटलमध्ये ठेवायचे तर ती तिथे एकटी मरेल.

मला समजत नाही, बाबा. तुम्ही सांगाल तसे करते.

तुमची
प्रिस्किला


विसरवाडी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रिस्किला,
आशीर्वाद.

मी शनिवारी लखनबरोबर येतो. गाडी ठरवून ठेव. तिला सांग, कान पुष्कळ सुधारले आहेत. मशीन लावून येतो आहे.

बाबा


सुरत,
२२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
प्रभूच्या नावात सा. सलाम वि. वि.

दफनानंतर आठ दिवस राहिले आणि निघाले, तेव्हा तुम्ही मला फाट्यापर्यंत सोडायला आलात. तिथे बोलता आले नाही. तुमच्याशी बोलायचे तर कळेल न कळेल तरी ओरडावे लागते, आणि एसटीच्या थांब्यावर आईबद्दल ओरडणे मला जमले नाही.

मी आले तेव्हा आमचे दार बंद होते. मी आत जाऊन बसले. थोड्या वेळाने दगूबाई आली, मागून अकिला. दोघी रिकाम्या खाटेजवळ खुर्च्या ओढून बसल्या. अकिलाने डोक्यावर ओढणी घेऊन तिच्या पद्धतीने दुवा मागितली. दगूबाईचा मुलगा आता पुन्हा कुलूप लावतो, त्या दिवशी तेवढे उघडून गेला होता. रात्री घरमालकांचा फोन आला. आईबद्दल वाईट वाटले म्हणाले. मग म्हणाले की तुम्हाला घर सोडायची गरज नाही, काही प्रश्नच उरला नाही. मी थँक्यू म्हटले. म्हटल्यावर माझीच मला लाज वाटली.

एक विचारायचे आहे. तुमच्या कानात मशीन बघून आई यायला तयार झाली, त्या दिवशी अँब्युलन्समध्ये मागे ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारी एकाच माणसाची जागा होती, ती मी तुम्हाला दिली आणि ड्रायव्हरजवळ बसले. लखन मोटरसायकलने पुढे गेला होता. मी मधल्या काचेतून वळून वळून बघत होते. व्यारा सोडल्यापासून आई बोलत होती. तुम्ही तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होता, मान डोलवत होता. मध्येच दोघे हसलात. आईला इतके बोलताना मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. मला वाटले, मशीनने खरेच काम केले, देवाने आपले ऐकले. नवापूरला बघितले तेव्हाही तिचे ओठ हलत होते. विसरवाडीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तुम्ही तिचा हात धरून बसला होता आणि ती गेली होती. ना घरमालकाच्या घरात, ना आपल्या.

बाबा, ती काय बोलत होती? माझ्यासाठी काही म्हणाली का? नसेल म्हणाली तरी चालेल. जे बोलली ते मला लिहा. मी जपून ठेवीन.

तुमची
प्रिस्किला


विसरवाडी
२९ डिसेंबर २०२४

चि. प्रिस्किला हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. शेवटी आज लिहितो.

पोरी, मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मशीन तिला दिसावे म्हणून लावले होते. गाडीच्या घरघरीत त्याची नुसती शिट्टी चालली होती, ते मी बंद केले. तू लिहिले होतेस की आवाज पुरत नाही म्हणून ती यायला घाबरते. तेव्हा घरून निघतानाच मी ठरवले होते, ती बोलली की मान डोलवायची, थांबली की 'मग?' म्हणायचे. मास्तरकीत पोरांनी मला असेच फसवले, तेव्हा कला माहीत होती. ती हसली की मी हसायचो. सोनगडच्या पुढे तिने मला काहीतरी विचारले. विचारलेच असणार, कारण ती माझ्याकडे बघत थांबली. मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो, देवाला ठाऊक. तिला बरे वाटलेले दिसले. पुन्हा बोलायला लागली.

मला वाटत होते, काचेतून तुला थोडेफार ऐकू गेले असेल. तू इथे होतीस त्या आठ दिवसांत रोज तुला विचारावेसे वाटायचे. धीर झाला नाही. आता तूच मला विचारतेस.

घरमालकावर रागावू नकोस असे मी लिहिले होते. आता माझाच राग आवरत नाही. तिला त्या खाटेवर राहू दिले असते, तर तिचे अखेरचे बोलणे ऐकायला दगूबाई होती, अकिला होती. आम्ही तिला तिथून उठवले आणि एका बहिऱ्याच्या स्वाधीन केले.

घर सोडायचे की राहायचे ते तू ठरव. राहिलीस तर दगूबाईच्या मुलाशी बोल. आणि माझे एक काम कर. त्या दोघींना विचार, दुपारी आई त्यांच्याशी काय काय बोलायची. कोंबड्यांचे असो, माझ्या तक्रारी असोत, काही गाळू नकोस. त्या सांगतील तसे लिहून काढ आणि मला पाठव. अक्षर घाईचे असले तरी चालेल. मला वाचता येते.

तुझे बाबा