कव्हराची झेरॉक्स योगीराजला

मी, सिद्धोधन सटवाजी खिल्लारे, वय ५१, धंदा टीव्ही-मिक्सर दुरुस्ती, रा. जिंतूर, जि. परभणी, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, ते योगीराजच्या ॲम्प्लिफायरमुळं.

१. राहते घर, दुकान व सर्व हत्यारे पुतणी सुकेशनीला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

२. आमच्या ड्रमवाल्या बन्सीधरला काही नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात.

३. डेमोची कॅसेट. आमच्या ‘बंद शटर’ बँडनं १९९९ साली माझ्या दुकानाचं शटर ओढून, त्यावर गोधड्या टाकून एकच गाणं टेप केलं. शब्द आणि चाल माझी, योगीराज फक्त गायला. मी गिटार उचलली की माझी आई सुलाबाई विचारायची, “कुठं जायलास?” त्याचंच धृपद केलं. टेप चालू असतानाच ती भाकरी घेऊन मागच्या दारानं आली. गळ्यात गिटार पाहून मी गावालाच निघालो असं तिला वाटलं. “कुठं जायलास रे? जेवून जा,” म्हणाली. अगदी तालात.

योगीराज म्हणाला, “म्हातारीची कटकट पूस, पुण्यात कंपनीवाले हसतील.” मी पुसलं नाही. त्याच दिवशी बँड मोडला. पुढच्या वर्षी आई गेली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.

आता योगीराज पुण्यात मोठा माणूस. मुलाखतीत सांगतो, गाणं त्याचं, प्रेयसीवर लिहिलेलं. “कुठे निघालीस” असं गातो. माझ्या आईच्या प्रश्नाची पोरगी करून टाकली नालायकानं. त्याच्या रेकॉर्ड कंपनीला मूळ डेमो पाहिजे म्हणून तीनदा फोन केला. मी त्याला माफ केलेलं नाही, मेल्यावरही करणार नाही.

४. कॅसेटच्या कव्हरावर त्याच्याच अक्षरात आहे: ‘गीत-संगीत सिद्धोधन, गायक योगीराज’. त्याची झेरॉक्स योगीराजला आणि त्याच्या कंपनीला रजिस्टर पोस्टानं पाठवावी. 

५. कॅसेट सुकेशनीला. गाणं बाहेर काढायचं तर आईच्या आवाजासकट, एक सेकंद न कापता. त्याआधी माझी अंत्ययात्रा निघताना ते मोठ्यानं लावावं. योगीराज येईलच, कॅसेटसाठी तरी. त्याला स्पीकरपाशी उभं करावं. आई विचारील, “कुठं जायलास रे?” मला बोलता येणार नाही. चारचौघांत उत्तर त्यानं द्यावं.

वाचून, समजून सही केली.
सिद्धोधन स. खिल्लारे
जिंतूर, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. महेश्वरी शिवकुमार स्वामी, शेजारी, किराणा दुकान.
२. बन्सीधर रंगनाथ घुगे, ड्रमवाला. मी त्या दिवशी दुकानात होतो. मावशीची भाकर आमी सगळ्यांनी खाल्ली, योगीराजनं बी.